शेरा

काराबेलच्या हवामान ठाण्यावरून
महिन्याला एक वही यायची,
घोड्याच्या घामाचा वास घेऊन.
खाली फ्रुंझेत, तिसऱ्या मजल्यावर,
मी तिच्यातले आकडे मोठ्या तक्त्यात उतरवायचो.
तापमान. वारा. बर्फाची जाडी.
आणि कडेला एक चिंचोळा रकाना: शेरा.
तिथे लोक लिहितात "धुकं", लिहितात "गारा",
बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत.

बुरुलकानने जानेवारीत लिहिलं होतं:
"पहाटे तीनच्या नोंदीनंतर पुस्तक संपवलं.
म्हाताऱ्याने घोडा विकायला नको होता."

कोण म्हातारा? कुठला घोडा?
रकान्यात जागाच संपली होती.

खालच्या ओळीत, दुसऱ्या दिवशी:
"उणे अठ्ठावीस. पुन्हा पहिल्यापासून वाचतेय.
घोडा विकतो ते पान आलं
की कंदिलाची वात जरा वर करते,
न जाणो, उजेडात त्याचं मन फिरेल."

मी तोवर पुस्तकांच्या वाटेला गेलो नव्हतो.
शाळेत एक वाचलं होतं,
त्याच्यावर प्रश्न आले, मग छड्या.
आता महिनाअखेरीची वाट पाहू लागलो.
तिच्यापाशी सोळा पुस्तकं होती, हे मी शेऱ्यांवरून मोजलं.
एकाची शेवटची आठ पानं
आधीच्या निरीक्षकाने चूल पेटवायला घेतली होती;
त्याचा शेवट ती हवा बघून करायची.
आभाळ निरभ्र असलं की कुणीतरी मरायचं.
हिमवादळात सगळे वाचायचे.

एक बाई होती, फुगलेल्या नदीपाशी अडकलेली,
पाठीला मूल, हातात दिवा.
चौदा मार्चला ती काठावर उभी होती.
पंधराला नुसतंच "वारा ईशान्येचा".
सोळाला काही नाही.
मी सतराव्या ओळीवर बोट ठेवून बसलो
आणि साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले.

गेन्नादी पावलोविच रागावले नाहीत.
त्यांनी फक्त मजकूर सांगितला, मी टंकला:
"शेऱ्याच्या रकान्यात केवळ हवामानविषयक नोंद करावी."
जावक क्रमांक, गोल शिक्का.
पाकीट चिकटवण्याआधी मी कागद उलटा केला
आणि पेन्सिलीने, बारीक, विचारलं:
पुढे काय झालं त्या बाईचं?

एप्रिलची वही आली.
धुकं. धुकं. गारा. धुकं.
तीस ओळी मी उभ्याने वाचल्या
आणि खुर्चीत बसलो तसाच, कोट न काढता.
मग शिपाई म्हणाला, जुमाश, पिशवीत अजून काहीतरी आहे.

मेणकापडात गुंडाळलेलं पुस्तक.
पानापानांत चिठोऱ्या, रद्द झालेल्या नकाशांच्या पाठीवर:
"इथे मला हसू आलं, बाहेर कुत्रा भुंकला."
"हे वाक्य मोठ्याने वाचा. दार लावून."
"इथे मी थांबले होते. तुम्हीही थांबा, चहा टाका."
मी थांबलो. चहा टाकला.
तीन रात्री पुरवून पुरवून वाचलं,
साखरेचा खडा दाढेखाली धरावा तसं.

नदीच्या पानात मात्र चिठोरी कोरी.
एका कोपऱ्यात एवढंच: "हे तुम्ही लिहा."

आकड्यांखेरीज माझ्या हाताला काही ठाऊक नव्हतं.
चार वेळा खोडलं.
मग लिहिलं:
"पाणी किती होतं ते लेखक सांगत नाही.
पण पलीकडे गेल्यावर ती मुलाचं अंगडं पिळते, स्वतःचा रुमाल नाही.
म्हणजे पाठीपर्यंत होतं. डोक्यापर्यंत नव्हतं."
आणि ते कोऱ्या वह्यांच्या, शाईच्या बाटल्यांच्या पिशवीत
वर पाठवलं, आवक-जावक न करता.

बुरुलकानला मी कधी पाहिलं नाही.
एकोणीस वर्षं पाहिलं नाही.
काराबेलचे तक्ते अजून दप्तरात असतील;
काढून बघा, अक्षर माझंच आहे, कुठे खाडाखोड नाही.
उणे एकतीस. वारा ईशान्येचा. बर्फ दोन हात.
शेरा: निरंक.